विस्मरणाचे खापर वयावर नको

‘वय झालं, आता विसरणारच!’ बाह्यरुग्ण विभागात हे वाक्य रोज ऐकू येते. एखादे नाव पटकन न आठवणे वयानुसार स्वाभाविक आहे. मात्र नेहमीच्या वाटेवर घर न सापडणे, जेवल्याचेच न आठवणे, साधा हिशेब न जमणे हे नुसते म्हातारपण नव्हे. तो स्मृतिभ्रंश असू शकतो.

मेंदूवैज्ञानिक डॉ. विजयालक्ष्मी रवींद्रनाथ यांनी या आजाराचा शोध प्रयोगशाळेबाहेर, खेड्यात नेला. बेंगळुरूच्या ‘सेंटर फॉर ब्रेन रिसर्च’ने कर्नाटकातील कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूर परिसरात १० हजार ग्रामस्थांची वर्षानुवर्षे तपासणी करण्याचे काम हाती घेतले. वय ४५ च्या पुढे आणि स्मृतिभ्रंश झालेला नसावा, ही अट. कारण अल्झायमरमध्ये मेंदूतील बिघाड लक्षणे दिसण्याच्या १५-२० वर्षे आधीच सुरू होतो.

खेडे निवडण्यालाही अर्थ आहे. स्मरणशक्तीच्या प्रचलित पाश्चात्त्य चाचणीत वाक्य लिहायला आणि १०० मधून सात-सात वजा करायला सांगतात. शाळेची पायरी न चढलेली आजी आजार नसतानाही तिथे नापास होते. आपल्या माणसांसाठी मोजपट्टीही आपलीच हवी.

‘लॅन्सेट’ आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार, १४ धोके दूर केल्यास जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतो. उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, कमी ऐकू येणे, एकटेपणा हे त्यांपैकीच. यातले बहुतेक धोके ओळखायला मोठे यंत्र लागत नाही.

म्हणूनच माझा आग्रह आहे की, सरकारी आरोग्य केंद्रांत तिशीनंतर रक्तदाब आणि साखर तपासतात, त्याला पन्नाशीनंतर कानांची तपासणी आणि निरक्षरांनाही देता येईल अशी स्मरणचाचणी जोडावी. नवी औषधे महाग आहेत, त्यांचा लाभही मर्यादित आहे. त्यांची वाट पाहत बसणे आपल्याला परवडणारे नाही.

घरच्यांनीही एवढे करावे. विस्मरण वाढत असेल तर डॉक्टरांना दाखवावे. बी-१२ ची कमतरता, थायरॉइडचा विकार किंवा नैराश्य यांमुळेही माणूस विसरू लागतो आणि यांवर उपचार आहेत. तपासणीआधीच वयावर खापर फोडले, तर बरा होऊ शकणारा रुग्णही घरात तसाच बसून राहतो.