सोंग कुणी कुणाचं आणायचं?

आपल्याकडे म्हण आहे, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. म्हण अर्धीच आहे. वरच्याने खालच्याचं सोंग आणलं की बक्षीस मिळतं. खालच्याने वरच्याचं आणलं की दगड पडतात. हवेत बोलत नाही. दाखले देतो.

'ट्रॉपिक थंडर' नावाचा अमेरिकन सिनेमा आहे, २००८ चा, बेन स्टिलरने काढलेला. एका दोस्ताच्या खोलीवर आम्ही सातजणांनी पाहिला. व्हिएतनामच्या लढाईवर सिनेमा काढायला निघालेले लाडावलेले नट खऱ्या जंगलात अडकतात. समोर हेरॉईनवाल्यांची खरी टोळी, आणि हे समजतात शूटिंगच चाललंय. निर्माता टकला, ढेरपोट्या, शिवराळ. आत टॉम क्रूझ! नट, एजंट, दिग्दर्शक, सगळ्यांची चंपी केलीय. खोटं कशाला बोलू, मीही पोट धरून हसलो.

मग हसू घशात अडकलं. त्यात रॉबर्ट डाउनी ज्युनियर एका बक्षीसबहाद्दर गोऱ्या नटाचं काम करतो. हा नट काळ्या सार्जंटची भूमिका मिळाली म्हणून कातडीच काळी करून घेतो. सिनेमातला खरा काळा पोरगा त्याला जाब विचारतो : काळ्या माणसासाठी एकच बरी भूमिका होती, तीही तुम्ही गोऱ्यालाच दिलीत?

आमच्यातला एकजण म्हणाला, ''बघ, ते स्वतःवरच हसतायत. एवढं मोठं मन आपल्या सवर्णांकडं हाय का?''

गड्या, मन मोजू नकोस. हसून झाल्यावर काय सोडलं, ते मोज. सवाल पडद्यावर विचारला गेला. पडद्याबाहेर २००९ साली ऑस्करचं नामांकन कुणाला? काळं फासलेल्या डाउनीलाच. सवाल विचारणाऱ्या ब्रँडन जॅक्सनचं नाव तुझ्यामाझ्यापैकी किती जणांना ठाऊक होतं? त्याला जाब विचारायची मुभा दिली, मालकी दिली नाही. प्रस्थापितांची ही जुनी खोड आहे. आपला सवाल आपल्याआधी तेच विचारतात, त्यावर टाळ्या घेतात आणि खुर्चीवरून हलत नाहीत. आणि जंगलातली ती आशियाई माणसं? ती नुसती बंदूक रोखायला आणि मरायला. सिनेमाच्या धंद्यावर हसणाऱ्यांना हा धंदा दिसला नाही.

अमेरिकेला नावं ठेवून आपलं घर सुटत नाही. १९३६ च्या 'अछूत कन्या'त अस्पृश्य पोरगी कोण झाली? देविका राणी. जमीनदार घराण्यातली, ठाकूरांच्या नात्यातली. पुढं दादासाहेब फाळके पुरस्काराची पहिली मानकरी तीच. १९५९ च्या 'सुजाता'त नूतन. २०११ च्या 'आरक्षण'मध्ये दलित तरुण झाला पतौडीच्या नवाबाचा पोरगा, सैफ अली खान.

आता उलटं बघा. मल्याळम भाषेतला पहिला मूकपट 'विगतकुमारन'. त्यात पी. के. रोझी या दलित बाईने नायर बाईचं काम केलं. सवर्णांनी पडद्यावर दगड मारले. तिचं घर जाळलं. बाई मुलूख सोडून पळाली, पुन्हा पडद्यावर आली नाही. अभिनय तोच, सोंग तेच. दिशा उलटी, म्हणून शिक्षा. नटाला जात नसते म्हणणाऱ्या समीक्षकांनी रोझीच्या राखेला हे सांगावं.

कुणी म्हणेल, मग ब्राह्मणाचं काम ब्राह्मणानेच करावं का? नाही बाबांनो. ती तर जातीचीच वाटणी झाली. कुणीही कुणाचंही सोंग आणावं, पण वाट दोन्ही बाजूंनी खुली पाहिजे. रोझीला नायर होता आलं पाहिजे. ते होईस्तोवर देविका राणीचं अछूत होणं ही कला नाही, कब्जा आहे.

एक कबुली देतो. आपल्या कलापथकात मी स्वतः झाडूवाल्याचं सोंग काढलंय. बोबडं बोललो, लडखडलो, वस्ती हसली. दुसऱ्या दिवशी पहाटे झाडू घेऊन निघालेला एक म्हातारा मला म्हणाला, ''ब्येस केलंस पोरा.'' आणि मान खाली घालून गेला. ती मान माझ्यामुळं खाली गेली. आपल्या खाली कुणी आहे असं वाटलं की आपणही डाउनीच होतो.

१९७२ साली मुंबईत पँथर उभी राहिली, नाव अमेरिकेतल्या काळ्या भावांकडून घेतलं. नाव घेतलं तसा त्यांचा धडाही घ्या. भूमिका मागू नका, कॅमेरा धरा. नागराज मंजुळेंनी २०१३ साली 'फँड्री'त तो धरला, आणि पोराच्या हातातला दगड शेवटी आपल्याच दिशेने आला. तो चुकवू नका.

पुढच्या जयंतीला त्या म्हाताऱ्याला स्टेजवर बोलवा. सोंग त्याला ठरवू द्या. पाटलाचं आणलं तरी चालेल.

जय भीम.