शिपायाचा भत्ता व साहेबाचा भत्ता

ज्या घरांतला मुलगा पलटणींत आहे, त्या घरच्या मंडळींनीं त्याच्या पगाराचा कागद एकदां नीट वाचून पाहावा. मूळ वेतनाखालीं 'मिलिटरी सर्व्हिस पे' म्हणून एक रक्कम लिहिलेली असते. सहाव्या वेतन आयोगाच्या शिफारशीवरून २००८ सालीं ती सुरू झाली. लष्करी नोकरींत जिवाचा धोका आहे, बायकापोरांपासून दूर राहणें आहे, शिस्तीचा जाच आहे, आणि दुसरे नोकर साठीपर्यंत खुर्चीवर बसतात त्या वयाच्या पुष्कळ आधींच शिपायाला घरीं यावें लागतें. ह्या सर्वांची कांहीं तरी भरपाई व्हावी, हा तिचा हेतु. हेतु रास्त आहे व तो ज्यांनीं मनांत आणला त्यांचे आम्ही आभार मानतों.

आतां आंकडे पाहा. २००८ सालीं ही भरपाई साहेबाला महिना ६,००० रुपये व शिपायाला २,००० रुपये ठरली. सातव्या आयोगानें १ जानेवारी २०१६ पासून ती वाढविली, ती साहेबाला १५,५०० व शिपायाला ५,२००. आंकडे फुगले, पण तिपटीचा हिशेब होता तसाच राहिला. शिवाय महागाई भत्ता व पेन्शन मोजतांना ही रक्कम धरली जाते, म्हणजे हा फरक मरेपर्यंत पाठ सोडीत नाहीं. पंचवीस वर्षें घासलेल्या सुभेदारालाही तेच ५,२००. सुभेदार वगैरे मंडळींची रक्कम दहा हजार करावी ही मागणी अर्थखात्यानें २०१८ च्या डिसेंबरांत फेटाळली.

साहेबाची विद्या जास्त, जबाबदारी जास्त, हें आम्हांस कबूल आहे. लढाईंत पुढें होऊन प्राण दिलेले साहेब थोडेथोडके नाहींत. पण त्या विद्येची व जबाबदारीची किंमत मूळ वेतनांत आधींच धरलेली आहे. २०१६ च्या कोष्टकांत नव्या शिपायाचें मूळ वेतन २१,७०० व नव्या लेफ्टनंटाचें ५६,१००. एकदां मोजून दिलेली विद्या कष्टाच्या भरपाईंत पुन्हां कशास मोजावी? सालगडी व मुकादम एकाच पावसांत भिजले, तर मुकादमाला ताप तिप्पट चढतो काय?

सियाचिनची गोष्ट घ्या. ३ फेब्रुवारी २०१६ रोजीं तेथें बर्फाचा कडा कोसळून दहा जण गाडले गेले व दहाही जण गेले. त्यांत एक सुभेदार, बाकीचे नऊ जवान. साहेब एकही नव्हता. तेथील खास भत्ता त्या वेळीं जवानाला १४,००० व साहेबाला २१,००० होता. २०१७ सालीं तो ३०,००० व ४२,५०० झाला. वाढ चांगली झाली, नाहीं म्हणवत नाहीं. पण अशा उंच ठाण्यावर कामगिरींत मृत्यु आला, तर वारसांस सानुग्रह मदत म्हणून २०१६ पासून ३५ लाख रुपये ठरलेले आहेत, आणि तेथें हुद्दा पाहात नाहींत. म्हणजे मेल्यावर सर्व सारखे, ही गोष्ट सरकारास पटलेली आहे. जिवंतपणींची थंडी मात्र हुद्द्याप्रमाणें वाटली जाते!

भत्त्याचें हें रडगाणें जुनें आहे. कंपनी सरकारच्या दिवसांत परमुलखांत गेलेल्या शिपायास जादा भत्ता मिळे. १८४३ सालीं सिंध खालसा झाला, आणि आतां तो परमुलूख नाहीं म्हणून भत्ता बुडाला. ऊन तेंच, ताप तोच, घर तेवढेंच लांब. १८४४ सालीं बंगालच्या कांहीं पलटणी भत्त्यावांचून सिंधेंत जाईनात, तेव्हां ३४ वी पलटण मोडून टाकण्यांत आली. उलट १७६६ सालीं क्लाइव्हनें गोऱ्या अधिकाऱ्यांचा दुप्पट भत्ता काढला, तेव्हां त्यांनीं कट करून एकदम राजीनामे पुढें केले. त्यांतला सर रॉबर्ट फ्लेचर बडतर्फ झाला खरा, पण पुढें तोच मद्रासच्या फौजेचा सेनापति होऊन आला.

कागदावरचें नांव बदललें कीं पैसा बुडतो, ही तऱ्हा आज अग्निवीरांच्या बाबतींत दिसते. २०२२ सालीं ही भरती निघाली. पहिल्या वर्षीं महिना ३०,००० रुपये, त्यांतून ९,००० कापून ठेवतात, सरकार तितकेच घालतें, व चार वर्षांनीं व्याजाशिवाय सुमारें दहा लाख हातीं येतात. ४८ लाखांचा विमा आहे, धोक्याचा भत्ताही आहे. पण महागाई भत्ता नाहीं व मिलिटरी सर्व्हिस पे नाहीं. शेंकडा पंचवीसांपर्यंत कायम होतील, बाकीचे पेन्शनवांचून घरीं येतील. लवकर घरीं यावें लागतें म्हणून ज्या रकमेचा जन्म झाला, ती सर्वांत लवकर घरीं येणाऱ्यालाच नाहीं, हा न्याय आमच्या डोक्यांत शिरत नाहीं. एकाच खंदकांत दोन पोरें उभीं, एकाच्या धोक्याला ५,२०० व दुसऱ्याच्या त्याच धोक्याला शून्य!

आठव्या वेतन आयोगाची कार्यकक्षा मंत्रिमंडळानें २८ ऑक्टोबर २०२५ रोजीं मंजूर केली. न्यायमूर्ति रंजना प्रकाश देसाई ह्या अध्यक्ष असून शिफारशींसाठीं अठरा महिने दिले आहेत. नोकरींतल्या शिपायास संघ काढण्याची किंवा वर्तमानपत्रांत लिहिण्याची मोकळीक नाहीं. तेव्हां हें काम पेन्शनींत आलेल्या हवालदार-सुभेदारांनीं व घरच्या वडीलधाऱ्यांनीं करावें. ग्रामसभेंत ठराव घ्यावा, जिल्हा सैनिक कार्यालयाला द्यावा, खासदाराच्या हातीं द्यावा. मागणें दोनच असावें: कष्टाची भरपाई सर्व हुद्द्यांस एक, आणि ती अग्निवीरासही. साहेबांचे १५,५०० कमी करा असें कोणी लिहूं नये, शिपायाचे ५,२०० तेथवर न्या असें लिहावें. लिहून देण्यास गांवोगांवचे मास्तर आहेत.