ठेवलेले नाव आणि कमावलेले नाव

‘नाव ठेवणे’ म्हणजे बारसे करणे आणि ‘नावे ठेवणे’ म्हणजे दोष काढणे. मराठीत या दोहोंमध्ये एका मात्रेचा फरक आहे. आपल्या समाजाच्या वाट्याला मात्र शतकानुशतके हा फरकच आला नव्हता.

पूर्वी मुले जगत नसत, तेव्हा काळाची नजर लागू नये म्हणून आईबाप मुलांची नावे दगडू, धोंडू, कचरू अशी ठेवीत. ही रीत सर्वच जातींत होती आणि तिच्यामागे माया होती. परंतु इतरांच्या घरचा दगडू मोठेपणी दगडूशेठ होई. गावकुसाबाहेरचा दगडू म्हातारा झाला तरी ‘दगड्या’च राही, आणि वाड्यावरचे शेंबडे पोरही त्याला त्याच नावाने पुकारी. अपमान नावात नव्हता, हाकेत होता. १८१८ साली कोरेगावच्या लढाईत पडलेल्या आपल्या पूर्वजांची ‘नाक’ या अक्षरांनी संपणारी नावे तेथील स्तंभावर कोरलेली आहेत. दगडाने त्यांची नावे पूर्ण जपली. गावाने ती कधी पूर्ण उच्चारली नाहीत.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत एका मुलाचे नाव दाखल झाले : भिवा रामजी आंबेडकर. घराण्याचे कुळनाम सकपाळ आणि मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. त्या गावाची ओळख आडनावाच्या रूपाने या मुलाबरोबर शाळेत आली. गावाच्या नावापुढे ‘कर’ लावून झालेली आडनावे महाराष्ट्रात हजारोंनी आहेत. त्या अर्थाने पाहिले तर हे आडनाव केवळ एका लहानशा खेड्याचा पत्ता सांगते. आज ते ऐकताच संविधान डोळ्यांपुढे उभे राहते. हा अर्थ शब्दकोशाने दिलेला नाही, तो नाव धारण करणाऱ्याने दिला आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या पाळण्यांतली नावे बदलली. सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, सुजाता, संघमित्रा ही नावे झोपडीझोपडीत ऐकू येऊ लागली. धम्मदीक्षेने जे अनेक बदल घडविले, त्यांत हा बदल सर्वांत शांतपणे झाला, आणि माझ्या मते सर्वांत खोलवर गेला. यातील ‘राहुल’ या नावाचा अर्थ परंपरेने ‘बंधन’ असा सांगितला आहे. तरीही आयांनी ते नाव आनंदाने ठेवले, कारण त्यांच्या मनात शब्दाचा अर्थ नव्हता. पित्याच्या मागोमाग संघात गेलेला तो बालक होता. मिलिंद हे मिनँडर या ग्रीक राजाच्या नावाचे पाली रूप. तो मोठा राजा होता, पण आपल्याला तो आठवतो तो भिक्षू नागसेनाला निर्भयपणे प्रश्न विचारणारा म्हणून. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला त्याचे नाव दिले आणि परिसराला नागसेनवन म्हटले. विद्यार्थ्याने प्रश्न विचारावा आणि गुरूने उत्तर द्यावे, हे सारे शिक्षणशास्त्र त्या दोन नावांत आले.

यावर कोणी विचारील की, नावाचे एवढे महत्त्व बौद्धाने मानावे काय? प्रश्न योग्य आहे. स्वतः नागसेनानेच मिलिंदाला सांगितले की, ‘नागसेन’ ही केवळ व्यवहाराची संज्ञा आहे. जातककथांत पापक नावाच्या शिष्याची गोष्ट येते. नाव अशुभ म्हणून त्याला ते बदलावयाचे होते. चांगल्या नावाच्या शोधात निघाल्यावर त्याला जीवक नावाच्या मनुष्याचे प्रेत दिसले, धनपाली नावाची निर्धन दासी मार खाताना दिसली आणि पंथक नावाचा मनुष्य वाट चुकलेला भेटला. तेव्हा तो आपल्याच नावावर समाधान मानून परतला.

ही कथा मला मान्य आहे. पण ती अर्धीच लागू पडते. पापकाने नाव बदलावे की ठेवावे हे स्वतः ठरविले. आपल्या पूर्वजांना तो अधिकारच नव्हता. १९५६ नंतर आपण मिळविला तो हा अधिकार. कथेचा दुसरा अर्धा भाग मात्र आपल्याला आजही लागू आहे : सुंदर नाव ठेवल्याने कोणी सुंदर होत नाही. अंगुलिमालाचे मूळ नाव अहिंसक होते. हातून हत्या होत असताना ते नाव खोटे होते. बुद्धाला शरण गेल्यावर ते खरे झाले. नाव आईबाप देतात, ते खरे करणे आपल्या हाती असते.

आडनावाविषयीही हेच म्हणावेसे वाटते. दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरताना एका विद्यार्थ्याने मला विचारले होते, “सर, आडनाव बदलता येईल का? शहरात आडनाव कळले की पुढचा प्रश्न गावाचा असतो आणि त्यानंतर कोणी खोली देत नाही.” मी त्याला धीर धरावयास सांगितले. आज वाटते, ते उत्तर अपुरे होते. नाव बदलण्याचा त्याला कायद्याने अधिकार आहे आणि राजपत्रात तशी नोंद करता येते. जो बदलतो त्याला भित्रा म्हणणे अन्याय होय. पण लाज वाटावयाची असेल तर ती आडनाव विचारून खोली नाकारणाऱ्याला वाटली पाहिजे, सांगणाऱ्याला नव्हे. हे मी त्या मुलाला तेव्हाच सांगावयास हवे होते.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने एक सूचना करतो. वसतिगृहात मूल येते तेव्हा घरचे कोणी बरोबर राहत नाही. बरोबर राहते ते फक्त नाव. ते येथे कोणी मोडू नये. ‘सिद्ध्या’, ‘राहुल्या’ अशी हाक शिक्षकांनी, स्वयंपाकघरातील ताई-मावशींनी आणि मोठ्या मुलांनीही मारू नये. प्रवेशाच्या पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाला त्याच्या नावाचा अर्थ आणि ते नाव पूर्वी धारण करणाऱ्याची गोष्ट सांगावी. जिचे नाव दगडाबाई असेल, तिलाही सांगावे की ते नाव तिच्या आजीने तिला जगविण्यासाठी ठेवले.

हजेरीत नाव पूर्ण उच्चारले गेले की मूल ताठ उभे राहून ‘हजर’ म्हणते. त्या एका शब्दासाठी आपल्या कित्येक पिढ्या वाट पाहत होत्या.