बुद्धिबळाचे इंजिन आपल्या हाताने बांधा

आमच्या गावाच्या नावातच रेल्वे आहे, त्यामुळे इथे ‘इंजिन’ म्हटले की रुळावरचेच डोळ्यापुढे येते. आज मात्र मोबाईलमधल्या इंजिनाबद्दल, म्हणजे बुद्धिबळाची चाल शोधणाऱ्या प्रोग्रामबद्दल लिहायचे आहे.

नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बाटुमी येथे महिला विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. तेव्हापासून धामणगावातही पट मांडले जाऊ लागले. पण प्रशिक्षकाची फी कापसाच्या भावावर जगणाऱ्या किंवा रोजमजुरी करणाऱ्या घराला झेपत नाही. मोबाईल मात्र बहुतेक घरांत आहे. १९९७ मध्ये कास्पारोव्हला हरवणारे डीप ब्लू कपाटाएवढे यंत्र होते. २००९ मध्ये ब्यूनस आयर्सच्या एका स्पर्धेत मोबाईलवरच्या पॉकेट फ्रिट्झने १० पैकी ९.५ गुण मिळवले. आज जगज्जेत्यालाही न हरणारे स्टॉकफिश साध्या फोनवर चालते, आणि तेही फुकट.

‘सर, फुकट मिळते ना, मग प्ले स्टोअरवरून घ्यायचे,’ असे मुले म्हणतात. माझे म्हणणे इथूनच सुरू होते. स्टॉकफिश फुकट आहे त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते खुले आहे.

त्याचा सोर्स कोड सी प्लस प्लस भाषेत आहे. तो माणसाला वाचता येतो, प्रोसेसरला नाही. प्रोसेसरला कळेल अशा रूपात तो आणणे म्हणजे कंपाईल करणे. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून मुलांना सांगतो, हा तरजुमाच आहे. कॉम्प्युटरच्या इंटेल प्रोसेसरसाठी केलेला तरजुमा मोबाईलच्या एआरएम प्रोसेसरला समजत नाही. फोनाफोनांतही फरक आहे. जुन्या ३२ बिटच्या फोनला ‘एआरएमव्ही७’ निवडावे लागते, ६४ बिटच्या फोनला ‘एआरएमव्ही८’, आणि अलीकडच्या फोनला त्याला ‘डॉटप्रॉड’ची जोड देता येते. २०२० पासून स्टॉकफिश डावाचे मूल्यमापन न्यूरल नेटवर्कने करते. त्यातले गुणाकार आणि बेरजा डॉटप्रॉडमुळे झपाट्याने होतात. पण ही सोय नसलेल्या फोनवर तेच इंजिन टाकले तर ते बंद पडते.

हे काम फोनवरच करता येते. टर्मक्स हे ॲप, त्यात गिट, मेक आणि क्लँग ही साधने, मग सोर्स कोड उतरवून योग्य प्रोसेसरचे नाव देऊन एक आज्ञा. नेटवर्कची फाईल मोठी असते, तेवढा डेटा लागतो. फोन थोडा तापतो. अनोळखी साईटवरून आलेली, आत काय आहे ते न कळणारी फाईल फोनमध्ये टाकण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

स्टॉकफिशला जीपीएल हा परवाना आहे. कोणीही कोड वाचावा, बदलावा, वाटावा, विकावाही. मात्र बदललेले वाटले तर त्याचा कोडही द्यावा. हा हक्क कागदापुरता नाही. चेसबेस या जर्मन कंपनीने ही अट पाळली नाही म्हणून स्टॉकफिशच्या लोकांनी २०२१ मध्ये दावा लावला. २०२२ मध्ये तडजोड झाली आणि कंपनीला वर्षभर स्टॉकफिशवर आधारलेली उत्पादने वाटणे थांबवावे लागले.

कोणी म्हणेल, इंजिनाने मुलांचा विचारच थांबेल. ही भीती खोटी नाही. इंजिन चाल सांगते, कारण सांगत नाही. म्हणून आधी स्वतः डाव खेळावा, चुका शोधाव्यात आणि मगच इंजिनाला विचारावे. पण ज्याने ते बांधले आहे, त्याला ते जादू वाटत नाही. तो कोड उघडून घोड्याची किंवा वजिराची चाल कशी लिहिली आहे ते पाहू शकतो.

आपल्या समाजात शिक्षणाची चर्चा बहुतेकदा नोकरी आणि फीपाशी थांबते. इथे फी नाही, प्रवेशपरीक्षा नाही, दाखला नाही. इंग्रजीची अडचण आहे खरी. ती मराठीत आणि उर्दूत समजावून दूर करणे हे आम्हा शिक्षकांचे काम. प्रत्येक शाळेने, उर्दू असो की मराठी, सुट्टीतला एक रविवार त्यासाठी द्यावा. चार मुले आणि एक फोन असला तरी सुरुवात होते.