‘सिन्स’वर हसू, ‘टिल’वर आसू

आज आधी एक छोटीशी टेस्ट. टेन्शन नको, मार्क तुमच्या एचआरला कळवणार नाही! खाली पाच वाक्यं दिली आहेत. ऑफिसात रोज कानावर पडणारी. त्यातली चूक शोधायची, बस्स.

१. आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स.
२. लेट अस डिस्कस अबाउट द बजेट.
३. वन ऑफ माय फ्रेंड इज इन बेंगळुरू.
४. आय विल वर्क ऑन द रिपोर्ट टिल फ्रायडे.
५. फ्यू क्लायंट्स हॅव लाइक्ड द डिझाइन.

पहिली तीन पटापट पकडलीत ना? ‘सिन्स’च्या जागी ‘फॉर’ हवं आणि ‘अ‍ॅम’च्या जागी ‘हॅव बीन’. ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ लागत नाही. आणि ‘वन ऑफ माय’ म्हटलं की पुढे ‘फ्रेंड्स’. पण चौथ्या-पाचव्याशी आलात आणि गाडी अडली. बरोबर आहे, कारण व्याकरणाच्या पुस्तकाप्रमाणे त्या दोन वाक्यांत चूक नाहीच!

चूक आहे ती अर्थात. चौथं वाक्य बोलणाऱ्याला म्हणायचं होतं, ‘शुक्रवारपर्यंत रिपोर्ट देतो.’ प्रत्यक्षात तो म्हणाला, ‘शुक्रवार उजाडेपर्यंत मी रिपोर्टवर काम करत बसेन.’ पूर्ण कधी होईल, देव जाणे. पाचवं वाक्य बोलणारीला सांगायचं होतं, ‘काही क्लायंट्सना डिझाइन आवडलं.’ ती सांगून बसली, ‘डिझाइन फारसं कुणाला आवडलं नाही.’ एका ‘अ’पायी आनंदाच्या बातमीची वाईट बातमी झाली.

आता सांगा, पाचातली कंपनीला महागात पडणारी वाक्यं कुठली? आणि हशा पिकतो तो कुठल्या वाक्यांवर?

तीन दिवस आणि एक ‘आय’

माझी एक मैत्रीण आहे. लातूरकडची, मराठी मिडियमची, कोडिंगमध्ये एकदम बाप. हिंजवडीतल्या एका कंपनीत आहे. एकदा क्लायंटशी कॉल झाला. पलीकडचा माणूस तिला म्हणाला की डेटा तो पाठवेल. हिने टीमला येऊन सांगितलं, ‘ही सेड दॅट आय विल सेंड द डेटा.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. टीमला वाटलं, डेटा ही पाठवणार. ही वाट बघतेय क्लायंटची. तीन दिवस गेले. मग आरडाओरडा, एस्कलेशन, आणि शेवटी सगळ्या भांडणांवर जो शिक्का बसतो तोच बसला... ‘कम्युनिकेशन गॅप’. त्या वाक्यातला ‘आय’ नेमका कोण, हे कुणी विचारलंच नाही.

पुढच्याच आठवड्यात मीटिंगमध्ये ती म्हणाली, ‘वी आर फेसिंग धिस इश्यू सिन्स टू मंथ्स.’ कुणीतरी कोपऱ्यातून हळूच ‘सिन्स?’ केलं आणि टेबलभर खसखस पिकली. वाक्याचा अर्थ सगळ्यांना कळला होता. कुणाचं पाच पैशांचं नुकसान नव्हतं. पण त्या दिवसापासून ती मीटिंगमध्ये विचारल्याशिवाय बोलत नाही. काही सुचलं तर शेजारच्याला चॅटवर टाइप करून पाठवते, आणि तो ते मोठ्याने बोलून दाखवतो. वर्षाच्या शेवटी अप्रेझलमध्ये तिच्या नावापुढे शेरा आला, ‘अजून व्होकल व्हायला हवं.’ आयडिया कुणाच्या खात्यावर जमा झाल्या, ते तुम्हीच ओळखा.

माझं म्हणणं एवढंच आहे, बॉस. आपण हसतो बिनविषारी चुकांवर. आणि ज्या खरंच डसतात, त्या आपल्याला दिसतही नाहीत.

सगळ्या चुकांना अर्धाच मार्क

हे असं का होतं? माझ्या मते खोट आपल्या परीक्षांत आहे. बँकेच्या किंवा स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षेला बसला असाल तर ‘स्पॉट द एरर’ हा प्रकार तुम्हाला तोंडपाठ असेल. वाक्याचे तुकडे पाडलेले असतात, चूक कुठल्या तुकड्यात ते सांगायचं, नाहीतर ‘नो एरर’वर खूण करायची. तिथे वाक्य सुटं असतं. ते कोण बोललं, कुणाला बोललं, ऐकणाऱ्याचा काय समज झाला, याच्याशी पेपर तपासणाऱ्याला घेणंदेणं नसतं. किरकोळ चूक आणि घोटाळा करणारी चूक, दोन्हींचा भाव एकच. ऑफिसात तसं नसतं ना राव!

त्याआधी मानेवर ‘रेन अँड मार्टिन’ असतंच. कित्येक पिढ्यांना त्या जाडजूड पुस्तकाने घाम फोडलाय. गंमत माहितीये? त्यातले पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते आणि पुढे १९२४ साली आलेल्या ‘बो जेस्ट’ या साहसी कादंबरीमुळे जगभर गाजले. म्हणजे ज्यांच्या नावाने आपण टेन्सेस घोकले, ते साहेब स्वतः वाळवंटातल्या लढायांच्या गोष्टी रंगवणारे होते!

शिवाय शाळेचाही फरक आहे. महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधीच्या बॅचेसना ए-बी-सी-डी पाचवीत भेटायची. आज एकाच टीममध्ये हे दोन्ही गट बसतात आणि तिसरे कॉन्व्हेंटवालेही. तिघांचं इंग्रजी एकाच फूटपट्टीने मोजायचं म्हणजे जरा जास्तच झालं.

‘पासून’, ‘पर्यंत’ आणि आपण

मास कॉमला असताना आम्हाला कॉपी एडिटिंग शिकवणाऱ्या सरांचा एक फंडा होता. वाक्य खटकलं की त्याचं उलट भाषांतर करा. मनातल्या मनात ते मराठीत आणा, चूक आपोआप वर येते. कारण आपल्या बहुतेक चुका अज्ञानातून येत नाहीत, मराठीच्या शिस्तीतून येतात.

बघा ना. ‘सोमवारपासून’ आणि ‘दोन वर्षांपासून’, मराठीत दोन्हीकडे ‘पासून’. इंग्रजीत मात्र सुरुवातीचा क्षण असेल तर ‘सिन्स’ आणि किती काळ हे सांगायचं असेल तर ‘फॉर’. आपण दोन्हीकडे ‘सिन्स’ लावून मोकळे होतो. ‘माझा एक मित्र’ मराठीत एकवचनी, म्हणून ‘वन ऑफ माय फ्रेंड’. मराठीत ‘जरी’ आलं की ‘तरी’ आलंच पाहिजे, म्हणून ‘ऑल्दो’ने सुरू केलेल्या वाक्यात आपण मध्येच ‘बट’ टाकतो. ‘समजत नाहीये’, ‘वाटतंय’, ‘आठवतंय’ हे आपण बिनधास्त बोलतो, म्हणून ‘आय अ‍ॅम नॉट अंडरस्टँडिंग’. मुंबईचे कवी निस्सीम इझिकेल यांनी तर या ‘-इंग’च्या हौसेवर ‘गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.’ ही अख्खी कविता लिहून ठेवलीये. या चुका कानाला खटकतात, इंटरव्ह्यूत इम्प्रेशनही थोडं बिघडवतात, तेव्हा सुधारायला हव्यातच. पण अर्थ कुठे अडत नाही.

आता डसणाऱ्या चुकांकडे वळू. त्यांचाही कारखाना मराठीच.

‘शुक्रवारपर्यंत दे’ आणि ‘शुक्रवारपर्यंत थांब’, दोन्हीकडे ‘पर्यंत’. इंग्रजीत काम त्या मुदतीच्या आत संपायचं असेल तर ‘बाय फ्रायडे’, आणि गोष्ट तोवर चालूच राहणार असेल तर ‘टिल फ्रायडे’. डेडलाइनला ‘बाय’, सुट्टीला ‘टिल’. एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धे वाद मिटतील.

‘तो म्हणाला, मी पाठवतो.’ मराठीत आपण समोरच्याचे शब्द जसेच्या तसे उचलतो, ‘की’ लावला तरी. ‘तो म्हणाला की मी पाठवतो’ यात ‘मी’ म्हणजे तो, हे आपल्याला बरोब्बर कळतं. इंग्रजीत ‘दॅट’नंतरचा ‘आय’ म्हणजे बोलणारी व्यक्ती, दुसरं कुणी नाही. उपाय सोपा आहे. मीटिंगचा निरोप सांगताना ‘ही’-‘शी’ सोडा, सरळ नाव घ्या.

‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’चं तसंच. मराठीत ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ हा प्रकारच नाही, म्हणून आपण ते गाळून टाकतो. पण ‘अ फ्यू’ म्हणजे ‘काही’ आणि नुसतं ‘फ्यू’ म्हणजे ‘मोजकेच, जवळजवळ नाहीतच’. ‘वी हॅव अ लिटल टाइम’ म्हणजे थोडा वेळ आहे, बसा. ‘वी हॅव लिटल टाइम’ म्हणजे वेळ नाही, आवरा!

‘आय हॅव अ डाउट’ हे तर आपलं राष्ट्रीय वाक्य. आपल्या ‘शंका’ या शब्दात प्रश्नही येतो आणि संशयही. परदेशातल्या क्लायंटला मात्र ‘डाउट’मधला संशयच आधी ऐकू येऊ शकतो. प्रेझेंटेशन संपल्या संपल्या तुम्ही तो उच्चारलात की त्याला वाटायचं, याचा माझ्यावर विश्वास नाही. ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणा.

‘हो, नाही मिळाली!’

सगळ्यात लबाड चूक एका अक्षराच्या उत्तरात लपलेली असते. आपल्याकडे कुणी विचारलं, ‘फाइल मिळाली नाही का?’ तर आपण म्हणतो, ‘हो, नाही मिळाली.’ म्हणजे, तुझं म्हणणं बरोबर आहे, नाही मिळाली. आता हेच कॉलवर. पलीकडून प्रश्न येतो, ‘यू हॅवन्ट रिसीव्हड द फाइल?’ आपण म्हणतो, ‘यस.’ तो समजतो, मिळाली. फोन बंद. दोन्ही पार्ट्या खूश, आणि फाइल कुठेच नाही! अशा प्रश्नाला नुसतं ‘यस’ किंवा ‘नो’ कधीच म्हणू नका. ‘नो, वी हॅवन्ट’ असं पूर्ण उत्तर द्या.

तुम्ही म्हणाल, आता या भानगडी कशाला, मेल लिहिला की सॉफ्टवेअर चुका दाखवतं, एआयला सांगितलं की अख्खा मेल चकाचक करून मिळतो. मान्य. ‘सिन्स फाइव्ह इयर्स’ ते तुम्हाला लगेच सुधारून देईल. पण ‘टिल फ्रायडे’खाली लाल रेघ कशी येणार? ते वाक्य व्याकरणाने शंभर टक्के बरोबर आहे. तुमच्या मनात ‘बाय’ होतं, हे मशीनला कुणी सांगायचं? आणि कॉलवर, मीटिंगमध्ये, कॅन्टीनमध्ये बॉसने अचानक गाठलं तर तिथे तुम्ही आणि तुमची जीभ, दोघंच असता.

या चुका नव्हेतच

आणि हो, काही शब्दांवर तर उगीचच नाक मुरडलं जातं. ‘प्रीपोन’ म्हटलं की कुणीतरी दीडशहाणा सांगतोच, असा शब्दच नाही. अहो, ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत आहे तो! ‘पोस्टपोन’ असतं तर ‘प्रीपोन’ का नको? ‘डू द नीडफुल’ ही एकेकाळची साहेबाचीच बोली. साहेब विसरला, आपण जपून ठेवली. ‘कझिन ब्रदर’ प्रमाण इंग्रजीत बसत नाही हे खरं, पण ज्या भाषेत चुलत, मामे, आते आणि मावस असे चार-चार भाऊ आहेत, तिला एकट्या ‘कझिन’वर भागवायला सांगणं हाही अन्यायच. परदेशी क्लायंटला लिहिताना हे शब्द टाळा, त्याला कळणार नाहीत म्हणून. लाज वाटते म्हणून नको.

लाजेवरून आठवलं. २०१२ साली गौरी शिंदेचा ‘इंग्लिश विंग्लिश’ आला. श्रीदेवीची शशी गोडबोले ‘जॅझ’ म्हणताना अडखळते आणि घरचेच तिला हसतात. थिएटरात सगळ्यांनी डोळे पुसले होते. त्यातले किती जण सोमवारी ऑफिसात येऊन कुणाच्या तरी ‘सिन्स’वर हसले असतील, त्याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही.

तर या आठवड्याचा होमवर्क. मेल पाठवण्याआधी, कॉल ठेवण्याआधी चार प्रश्न. मुदत सांगितली ती ‘बाय’ने की ‘टिल’ने? ‘आय’ म्हणजे नक्की कोण, हे ऐकणाऱ्याला कळलं का? ‘फ्यू’च्या आधीचा ‘अ’ जागेवर आहे का? आणि ‘नाही का?’ छापाच्या प्रश्नाला पूर्ण उत्तर दिलं का? चारही ठीक असतील तर बाकीचं हळूहळू सुधारेल. आणि शेजारचा ‘सिन्स टू मंथ्स’ म्हणाला तर त्याला थांबवू नका. दोन महिने नेमकं काय अडलंय, ते ऐकून घ्या. सुधारायचंच असेल तर नंतर चहावर, एकट्याला सांगा.

तुमच्या ऑफिसातले असे अर्थाचे घोटाळे मला जरूर कळवा. फक्त एक विनंती आहे. ‘अ फ्यू’ मेल आले तरी मी खूश आहे. नुसते ‘फ्यू’ आले, तर मात्र वाईट वाटेल!