स्टेपफर्डचा गुन्हेगार कोण?

'द स्टेपफर्ड वाइव्ज' हे दोन चित्रपट आम्ही मैत्रिणींनी पाठोपाठच्या दोन रविवारी पाहिले. काहींचे नवरेही होते. पहिला १९७५ चा, ब्रायन फोर्ब्जचा. दुसरा, फ्रँक ऑझने २००४ साली नव्याने काढलेला. मूळ कादंबरी आयरा लेविनची, १९७२ ची.

छायाचित्रकार जोआना नवऱ्याच्या इच्छेखातर न्यूयॉर्क सोडून स्टेपफर्ड गावी येते. तिथल्या बायका सदैव नटलेल्या, घर चकाचक ठेवणाऱ्या, नवऱ्याच्या हो ला हो करणाऱ्या. पुढे कळतं, की पुरुषांचं एक मंडळ बायकांना संपवून त्यांच्या जागी हुबेहूब यंत्रं बसवतं.

जुन्या चित्रपटातला एक प्रसंग डोक्यातून जात नाही. जोआना आणि तिची मैत्रीण बॉबी बायकांची बैठक बोलावतात, मनातलं बोलायला. आणि गप्पा येऊन अडकतात कुठे, तर कपड्यांच्या स्टार्चवर! आम्ही आधी हसलो, मग गप्प झालो. ज्यांनी वस्तीत बैठका घेतल्यात त्यांना का ते सांगायला नको. नवरा वॉल्टर काही राक्षस नाही. साधा वकील, दोन मुलींचा बाप. मंडळातला एक जण घरी येऊन जोआनाचं चित्र काढतो, दुसरा तिचा आवाज टेप करून घेतो, आणि ती पाहुण्यांचा मान राखून बसून राहते. शेवटी 'का?' म्हणून विचारते, तर उत्तर मिळतं, आम्हाला जमतं म्हणून. बेटी फ्रीडन तेव्हा या चित्रपटावर भडकल्या होत्या. चळवळीच्या नावावर धंदा म्हणाल्या. मला ते पटत नाही.

नव्या चित्रपटात जोआना दूरदर्शन वाहिनीची बडी अधिकारी. नोकरी जाते, ती कोलमडते, आणि जरा अतीच करत होती असा सूर लागतो. वॉल्टर ऐन वेळी सुधारून सगळ्या बायकांना सोडवतो. त्यांच्या डोक्यात म्हणे नुसती चिप होती. (मग एकीच्या तोंडातून नोटा कशा बाहेर येतात, ते विचारायचं नाही.) आणि या सगळ्याची सूत्रधार कोण? क्लेअर. मेंदूची निष्णात सर्जन, नवऱ्याने फसवलं म्हणून बिथरलेली बाई. गावातले बाकीचे पुरुष, ज्यांनी आपापली बायको खुशीने आणून दिली, ते हास्यास्पद ठरतात, पण गुन्हेगार ठरत नाहीत.

पहिल्या रविवारी एका मैत्रिणीचे यजमान काही न बोलता चहा पिऊन गेले होते. दुसऱ्या रविवारी मात्र खुलले. "बघा, शेवटी बाईच बाईची वैरीण!"

शेवटच्या दृश्यात त्या नवऱ्यांना शिक्षा म्हणून दुकानात किराणा आणायला लावलंय. प्रेक्षकांनी हसावं अशी ती जागा आहे. १९७५ चा चित्रपटही अशाच दुकानात संपतो. लांब झगे घातलेल्या बायका ट्रॉल्या ढकलत, एकमेकींना गोड नमस्कार करत जातात, आणि त्यांत जोआनाही असते.