परूशी खोटं बोलत नव्हता

लूककृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात एक परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस, आणि एक जकातदार यरुशलेमच्या मंदिरात प्रार्थनेला जातात, आणि नीतिमान ठरून घरी परततो तो जकातदार. प्रवचनांतून हा परूशी बहुधा ढोंगी म्हणून रंगवला जातो. तिथेच येशूच्या या दाखल्याची धार बोथट होते. मोशेच्या नियमशास्त्रात सक्तीचा उपवास वर्षातून एकच, प्रायश्चित्ताच्या दिवशी. हा आठवड्यातून दोनदा करी. दशमांश शेतीच्या उत्पन्नाचा द्यायचा. हा सगळ्याच मिळकतीचा देई. परूश्यांना लोकांत मान होता, हे पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस नोंदवतो. शिवाय त्याची प्रार्थना देवाचे आभार मानूनच सुरू होते, म्हणजे सदाचाराचं श्रेयही तो देवालाच देतो. मग बिनसलं कुठे? त्याच्या प्रार्थनेला दुसरा माणूस लागतो, तिथे. उपवास खरा, दान खरं, पण ते मोजायला शेजारी कुणी पापी हवा. आणि एवढ्या बोलण्यात देवाकडे त्याचं एकही मागणं नाही.

जकातदाराला सोज्वळ ठरवणं हीही तेवढीच मोठी चूक. रोमन अमलात जकातीचे मक्ते दिले जात. ठरलेली रक्कम भरली की वर उकळलेलं मक्तेदाराच्या खिशात, आणि भुर्दंड नाक्यावरून माल नेणाऱ्याला. हा माणूस दूर उभा राहतो, वर बघत नाही, ऊर बडवून दया मागतो. भरपाईचं अवाक्षर काढत नाही. त्याची नम्रता पुण्य म्हणून जमा धरली, तर ऊर बडवणं हाही एक उपवासच होऊन बसेल. त्याने स्वतःविषयी खरं तेवढं सांगितलं. पदरात पडली ती निव्वळ कृपा.

मग ज्यांना लुबाडलं त्यांचं काय? हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, कारण क्षमेचा उपदेश बहुतेकदा नाडलेल्यालाच केला जातो. दाखल्यात त्याला उत्तर नाही. पण पुढच्याच अध्यायात लूक यरीहोच्या जक्कयाला आणतो. तो मुख्य जकातदार. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेलं चौपट परत द्यायला तयार होतो. इथे क्रम महत्त्वाचा आहे. येशू त्याच्या घरी उतरायचं आधी ठरवतो, जक्कयाचा शब्द त्यानंतर येतो. न मागता मिळालेल्या मानानेच त्याची मूठ सैल होते. यरीहोचे लोक तेव्हा कुरकुरत होते, आणि ती कुरकुर मला रास्त वाटते: पाहुणा लुटारूकडे निघाला होता आणि परतफेडीचं अजून कुणी बोललंही नव्हतं.